मोटारीतील अँप्लिफायर मध्येच का बंद पडतो?

यंत्र बंद पडले की ते बिघडले, असे आपण सर्रास धरून चालतो. पुष्कळ यंत्रांच्या बाबतीत ते खरेही असते. परंतु मोटारीत गाणी ऐकण्यासाठी जो अँप्लिफायर बसवितात त्याची गोष्ट थोडी निराळी आहे. तो आपणहून बंद पडतो तेव्हा पुष्कळदा बिघाड त्याच्यात नसून अन्यत्र कोठेतरी असतो, आणि तो ओळखून त्याने स्वतःला वाचविलेले असते. रात्री राखणीचे कुत्रे भुंकू लागले तर शहाणा घरधनी कुत्र्याला काठी मारीत नाही. दिवा घेऊन परसात कोण शिरले ते पाहतो. अँप्लिफायरच्या बाबतीतही हाच शहाणपणा उपयोगी पडतो.

हा विषय निवडण्याचे कारण असे. सरहद्दीकडील एका खेड्यात आमच्या परिचयाचे एक कुटुंब आहे. त्यांचा थोरला मुलगा प्रवासी जीप भाड्याने चालवितो. लग्नसराईत आणि फेस्ताच्या दिवसांत गाण्यांची सोय असलेल्या गाडीला गिऱ्हाईक अधिक, म्हणून त्याने सीटखाली अँप्लिफायर आणि मागच्या बाजूस मोठा वूफर बसवून घेतला. उन्हाळा बरा गेला. पावसाळा सरता सरता मात्र गाणे ऐन रंगात आले की आवाज तुटू लागला, लाल दिवा लागू लागला, आणि काही क्षणांनी पुन्हा आपोआप सारे सुरू होऊ लागले. बाजारातील एका दुकानदाराने गाडीकडे न पाहताच "अँप्लिफायर गेला, नवा घ्या" असा निकाल दिला. उसनवारी करून नवा आणला. तोही आठ दिवसांत तसाच वागू लागला. तेव्हा एका हितचिंतकाने सल्ला दिला की, फ्यूज काढून टाका आणि त्या जागी जाड तार घाला. मुलाच्या वडिलांनी ते होऊ दिले नाही, हे फार चांगले झाले. त्या जीपमध्ये दोष काय निघाला ते ओघाने सांगूच. तत्पूर्वी या यंत्राचे काम कसे चालते ते थोडक्यात पाहू.

तीन वायरींचे काम

अँप्लिफायरला वीज पुरविणाऱ्या वायरी तीन. पहिली जाड वायर बॅटरीच्या धन टोकापासून येते. दुसरी तितकीच जाड वायर गाडीच्या लोखंडी अंगाला जोडलेली असते. तिला मिस्त्री लोक अर्थ म्हणतात. तिसरी बारीक वायर पुढील स्टीरिओकडून येते आणि 'आता जागा हो' एवढाच निरोप आणते. तिला रिमोटची वायर म्हणण्याचा प्रघात आहे. या तिन्ही ठीक असतील तरच अँप्लिफायर चालतो. याखेरीज गाण्याचा क्षीण संकेत आणणाऱ्या वायरी वेगळ्या, आणि स्पीकरकडे जाणाऱ्या वेगळ्या.

आतमध्ये एक पहारेकरी मंडल बसविलेले असते. विजेचा दाब फार उतरला, स्पीकरच्या वायरी एकमेकींना किंवा गाडीच्या पत्र्याला चिकटल्या, प्रवाह मर्यादेबाहेर गेला, अथवा अंग फार तापले, तर ते मंडल आवाज तोडते. पुष्कळ अँप्लिफायरांवर अशा वेळी लाल दिवा लागतो.

म्हणून पहिले काम हे की, यंत्र बंद पडताच दिव्याकडे पाहावे. लाल दिवा लागला असेल तर पहारेकऱ्याने काही पकडले आहे असे समजावे. कोणताच दिवा नसेल तर वीज किंवा रिमोटचा निरोप पोहोचत नाही असे समजावे. आणि चालू असल्याचा नेहमीचा दिवा तसाच असून केवळ आवाज गेला असेल, तर दोष बहुधा स्टीरिओत, संकेताच्या वायरीत किंवा स्पीकरमध्ये शोधावा.

दुसरे काम, ते केव्हा बंद पडते याची नोंद ठेवणे. वैद्य रोग्याला ताप केव्हा चढतो असे आधी विचारतो, तसेच हे. सुरू करताक्षणीच बंद पडत असेल तर बहुधा कोठेतरी वायर चिकटली आहे किंवा यंत्र खरोखरच गेले आहे. ढोलाच्या जोरकस ठोक्यालाच बंद पडत असेल तर विजेचा दाब उतरतो आहे किंवा स्पीकरांची जोडणी चुकली आहे. अर्ध्या-पाऊण तासाने बंद पडून, थंड झाल्यावर पुन्हा चालत असेल तर उष्णता हे कारण. खड्ड्यातून जाताना बंद पडत असेल तर एखादा जोड ढिला आहे किंवा वायरीचे आवरण घासून फाटले आहे.

दाब कोठे हरवतो?

मोटारीची चांगली भरलेली बॅटरी विश्रांत स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असता अल्टरनेटरच्या योगाने हा दाब साधारणतः १३.८ ते १४.४ व्होल्ट असतो. अँप्लिफायरपाशी तो दहा-साडेदहा व्होल्टच्या आसपास उतरला की पुष्कळ यंत्रे आवाज तोडतात. म्हणजे हाताशी असलेली सवलत दोन-तीन व्होल्टचीच.

आता एक छोटेसे गणित करू. एखादा अँप्लिफायर स्पीकरांना खरोखर ३०० वॅट देत आहे असे समजा. जुन्या पद्धतीच्या मंडलात घेतलेल्या विजेपैकी जेमतेम ६० टक्के आवाजासाठी उपयोगी पडते. बाकीची उष्णता होऊन जाते. तेव्हा बॅटरीकडून ५०० वॅट घ्यावे लागतात. साडेबारा व्होल्टच्या दाबाने भागिले असता प्रवाह ४० अँपिअर येतो. गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली आपल्या ग्रंथात मांडलेला नियम सांगतो की, प्रवाह आणि रोध यांचा गुणाकार म्हणजे खर्ची पडणारा दाब. एखाद्या गंजलेल्या जोडाचा रोध ओहमच्या विसाव्या भागाइतका, म्हणजे ०.०५ असला, तर ४० गुणिले ०.०५ म्हणजे २ व्होल्ट त्या जोडातच हरवले! शिवाय ८० वॅटची उष्णता त्या एका ठिकाणी निर्माण झाली. असा जोड हाताला चटका देतो आणि वायरीचे आवरण वितळवितो.

घरातील विजेवर हाच ५०० वॅटचा भार टाकला तर २३० व्होल्टच्या दाबामुळे प्रवाह सव्वादोन अँपिअरच्या आत राहतो आणि तेवढ्याच रोधात एक दशांश व्होल्ट जातो. म्हणूनच घरगुती वायरिंग उत्तम करणारा माणूस मोटारीत कधी कधी फसतो. कमी दाबाच्या ठिकाणी प्रवाह मोठा असतो, आणि मोठ्या प्रवाहाला बारीक वायर व मळका जोड मुळीच खपत नाही.

हरवलेला दाब शोधण्यास साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू ठेवून, गाणे मोठ्याने लावून, प्रथम बॅटरीच्या दोन टोकांवर दाब मोजावा. मग अँप्लिफायरच्या वीज घेणाऱ्या दोन स्क्रूंवर मोजावा. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टहून फारसा अधिक फरक नसावा. फरक मोठा आला तर तो कोणत्या बाजूस आहे ते पाहावे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरे अँप्लिफायरच्या धन स्क्रूवर ठेवले की त्या वायरीत हरवणारा दाब सरळ वाचता येतो. ऋण बाजूचेही तसेच. मात्र इंजिन उघड्या हवेत चालू ठेवावे. बंद शेडमध्ये त्याचा धूर प्राणघातक ठरतो.

आता त्या जीपची हकीकत. बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते, अँप्लिफायरपाशी १०.९. धन वायरीत हरवत होते ०.३, आणि अर्थच्या बाजूस २.६! अर्थची वायर सीटच्या एका बोल्टाखाली, रंगावरच आवळलेली होती. रंग विजेला अडवितो. संपर्क काय तो बोल्टाच्या आट्यांतून होता, आणि पावसाळ्यात त्या आट्यांना गंज चढला. जोराच्या ठोक्याला दाब आणखी उतरे, पहारेकरी आवाज तोडी. भार जाताच दाब पुन्हा वर येई आणि यंत्र सुरू होई. बिघाड सारा एवढाच. जाड पत्र्यावरील जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, नवी आखूड वायर चांगली लग दाबून घट्ट बसविली आणि वरून ग्रीस लावले. अर्थचा आकडा ०.२ वर आला. दोन महिने कपाटात पडलेला पहिला अँप्लिफायर जोडून पाहिला, तर तोही निर्दोष निघाला. दुसऱ्यासाठी घेतलेल्या उसन्या पैशांचे हप्ते मात्र अजून फिटावयाचे आहेत.

अर्थची वायर शक्य तितकी आखूड, अर्ध्या मीटरच्या आत, आणि धन वायरीइतकीच जाड असावी. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर टर्मिनल सोडवून, खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुऊन कोरडे करावे. ते पाणी बॅटरीच्या छिद्रांत जाऊ देऊ नये. स्वस्त वायर घेताना तिचा एक धागा ब्लेडने खरवडून पाहावा. आतून चंदेरी दिसला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर होय. तेवढ्याच जाडीच्या शुद्ध तांब्याहून ती बरीच कमी वीज वाहते.

स्पीकरांचा भार

पुष्कळ घरांत एक चूक हौसेपोटी होते. दोन स्पीकर चांगले वाजतात, तर आणखी दोन जोडावे, अशी इच्छा होते. प्रत्येक स्पीकर ४ ओहमचा असतो असे समजा. एकाच चॅनेलवर दोन समांतर जोडले की भार २ ओहम होतो, चार जोडले की १ ओहम. आकडा लहान झाला म्हणून भार हलका झाला असे मात्र नव्हे. एकाच पाटाला अधिक दारे फोडली की पाणी अधिक वेगाने ओढले जाते, तसा प्रवाह वाढतो. दोन चॅनेल एकत्र करून एकच वूफर चालविण्याची जी पद्धत आहे तीत तर ४ ओहमचा वूफर प्रत्येक चॅनेलला २ ओहमसारखा भासतो. किती ओहमपर्यंत भार चालेल हे यंत्राच्या पुस्तिकेत आणि पुष्कळदा अंगावरही छापलेले असते. त्याखाली जाऊ नये.

स्पीकरचा रोध मीटरने मोजता येतो. वायरी सोडवून मोजल्यास ४ ओहमचा स्पीकर साधारणतः ३ ते ३.८ दाखवितो. शून्याच्या जवळ आकडा आला तर त्याची गुंडाळी जळून चिकटली आहे. काहीच आकडा आला नाही तर ती तुटली आहे. नंतर मीटरचे एक टोक गाडीच्या उघड्या पत्र्याला आणि दुसरे, अँप्लिफायरपासून सोडविलेल्या प्रत्येक स्पीकर-वायरीला लावावे. कोणताही संपर्क दिसता कामा नये. दिसला तर वायर कोठेतरी सोलली आहे. दाराच्या बिजागरीजवळ, सीटच्या सरकपट्टीखाली आणि पत्र्याच्या भोकातून वायर जाते तेथे आधी शोधावे.

उष्णता

अँप्लिफायरच्या पाठीवर ज्या धातूच्या पात्या असतात त्या शोभेच्या नव्हेत. त्यांतून उष्णता हवेत जाते. त्यावर गालिचा, पोते, प्रवाशांच्या पिशव्या यांचा ढीग घातला तर तापाच्या रोग्याला घोंगडीत गुंडाळल्यासारखे होते. सभोवार चार बोटे तरी मोकळी जागा असावी. गाडीच्या छताकडील बाजूस ते उलटे टांगू नये. वूफरच्या खोक्यावर तर मुळीच बसवू नये, कारण तेथील हादऱ्यांनी आतील डाग सुटतात. वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत आधीच भट्टी झालेली असते. अशा वेळी काचा उघडून गाडी थोडी निवू द्यावी आणि मगच मोठा आवाज करावा.

अँप्लिफायरवर गेन नावाची एक कळ असते. आवाज वाढविण्याची कळ समजून पुष्कळ लोक ती शेवटपर्यंत फिरवितात. वास्तविक स्टीरिओकडून येणाऱ्या संकेताशी मेळ घालण्यापुरतीच ती आहे. ती वाजवीपेक्षा पुढे गेली की ध्वनीचे शेंडे छाटले जातात, आवाज चिरका होतो, आणि यंत्र व स्पीकर दोन्ही नाहक तापतात. साधी रीत अशी : गेन अगदी कमी करून स्टीरिओचा आवाज तीन-चतुर्थांश ठेवावा, मग गेन हळूहळू वाढवीत न्यावी, आणि आवाज फाटू लागताच तेथून थोडी मागे आणून सोडावी.

खोक्यावर छापलेल्या हजारो वॅटच्या आकड्यांवर विसंबून राहू नये. यंत्राला लावलेला फ्यूज त्यापेक्षा खरे बोलतो. ३० अँपिअरचा फ्यूज असेल तर १३.८ व्होल्टच्या दाबाने ते यंत्र दीर्घकाळ ४१४ वॅटहून अधिक घेऊच शकत नाही. त्यातून स्पीकरांकडे जाणार अडीचशेच्या आसपास. नव्या पद्धतीच्या, कमी तापणाऱ्या मंडलात फार तर साडेतीनशे.

रिमोटची वायर

कधी कधी साऱ्या जाड वायरी ठीक असतात आणि दोष या बारीक वायरीत निघतो. रेडिओ चालू असता सारे उत्तम, परंतु मोबाइल किंवा पेनड्राइव्हवरील गाणी लावताच अँप्लिफायर गप्प, असे होत असेल तर रिमोटची वायर स्टीरिओमागील अँटेनाच्या वायरीला जोडली आहे काय ते पाहावे. काही स्टीरिओंत त्या वायरीत रेडिओ लागला असतानाच वीज येते. अँप्लिफायरच्या रिमोट स्क्रूवर स्टीरिओ चालू असेतोवर सुमारे १२ व्होल्ट अखंड मिळाले पाहिजेत.

शोधाचा क्रम

कारण मुळीच उमगत नसेल तर पुढील क्रमाने जावे. स्टीरिओ बंद करून बॅटरीजवळील फ्यूज काढावा. अँप्लिफायरच्या साऱ्या स्पीकर-वायरी आणि संकेताच्या वायरी सोडवाव्या; फक्त विजेच्या तीन वायरी राहू द्याव्या. फ्यूज घालून सुरू करावे. स्क्रूंवर पुरेसा दाब असूनही लाल दिवा लागलाच, तर यंत्रातच दोष आहे. ते माहीतगार मिस्त्रीकडे न्यावे. आतील संधारकांत वीज साठून राहते, म्हणून घरी उघडू नये. लाल दिवा लागला नाही तर पुन्हा बंद करून संकेताच्या वायरी जोडाव्या, आणि नंतर एकेक स्पीकर. ज्या जोडणीसरशी दिवा लागेल तेथे चोर आहे.

हे करताना काही पथ्ये अवश्य पाळावी. बॅटरी सोडविताना ऋण टोक प्रथम काढावे आणि जोडताना शेवटी लावावे. म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. हातातील अंगठी व कडे उतरून ठेवावे. बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो, तेथे विडी-काडी नको. नव्या गाड्यांत सीटखाली पिवळ्या आवरणाच्या वायरी दिसल्या तर त्या हवेच्या सुरक्षा-पिशव्यांच्या होत. त्यांना हात लावू नये. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील नारिंगी वायरींत तर जीवघेणा दाब असतो.

आणि फ्यूजविषयी. मुख्य फ्यूज अँप्लिफायरच्या रक्षणासाठी असतो असा समज आहे. त्याचे खरे काम बॅटरीपासून निघालेल्या वायरीचे, आणि पर्यायाने गाडीत बसलेल्या माणसांचे रक्षण करणे हे होय. बॅटरीचे बळ मोठे. धन वायर पत्र्याला चिकटली तर शेकडो अँपिअर वाहू लागतात आणि काही सेकंदांत वायर लाल होते. शेजारीच इंधनाची नळी आणि सीटचा फोम असतो. म्हणून फ्यूज बॅटरीपासून वीतदीड वीत अंतरावरच असावा, त्याचा आकडा वायरीच्या जाडीला शोभेल असा असावा, आणि तो पुन्हापुन्हा जात असेल तर मोठा न घालता कारण शोधावे. त्या जागी तार घालणे म्हणजे भुंकणाऱ्या कुत्र्याचा गळा आवळून चोराला दार उघडून देणे होय. त्या जीपमध्ये रोज दहा-बारा माणसे प्रवास करतात, शाळेची मुलेही असतात. वडिलांनी तार घालू दिली नाही ती याचसाठी, असे ते आम्हांस म्हणाले.

वाचकांस आमची एक सूचना आहे. गाडीत सारे सुरळीत चालू असतानाच बॅटरीवरचा आणि अँप्लिफायरवरचा दाब एकदा मोजून, तारखेसह एका वहीत टिपून ठेवावा. पुढे कधी आवाज तुटला तर पुन्हा मोजून हे जुने आकडे पडताळून पाहावे. दुकानाची पायरी चढावयाची की पॉलिश पेपर हाती घ्यावयाचा, हे त्यावरून घरीच ठरविता येईल.

पुढील लेखांकी घरातील इन्व्हर्टरच्या बॅटरीची निगा कशी राखावी, याचा विचार करू.